वाशीम जिल्ह्यात तुरीची डाळ मिल: पीएमईजीपी, सीएमईजीपी की पीएमएफएमई?

रिसोडी_तूर
नमस्कार मंडळी. रिसोड तालुक्यातल्या गावात छोटी डाळ मिल टाकायची आहे. अंदाजे खर्च 18 लाख. जागा गावठाणातली, वडिलांच्या नावावर. वय 31, बारावी पास, खुला प्रवर्ग. चार पोरांना गावातच काम मिळावे, पुण्याची वाट धरायला लागू नये, एवढा हेतू. एजंट म्हणतो, खुल्या प्रवर्गाला 25 टक्केच सबसिडी बसते, 35 'मॅनेज' करून देतो, त्याचे 60 हजार. पीएमईजीपी (नव्या उद्योगाला कर्ज आणि सबसिडी देणारी केंद्राची योजना), सीएमईजीपी (तशीच राज्याची) की पीएमएफएमई (अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची), कोणत्या योजनेत जावे?

फाईल_क्लिअर
एजंटाला आधी नारळ द्या. पीएमईजीपीचा विशेष प्रवर्ग (ज्याला जास्त अनुदान मिळते) फक्त जातीवर किंवा महिला असण्यावर ठरत नाही, ठिकाणावरही ठरतो. राज्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम हे आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून निवडलेले) जिल्हे आहेत. 2022 च्या सुधारित नियमांनुसार या जिल्ह्यांतला खुल्या प्रवर्गातला पुरुषसुद्धा विशेष प्रवर्गात मोडतो. ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान, स्वतःचा वाटा 5 टक्के.

म्हणजे 18 लाखांवर तुमचे 90 हजार, बँकेचे कर्ज 17.10 लाख, अनुदान 6.30 लाख. हाच प्रकल्प हद्द ओलांडून हिंगोलीतल्या गावात टाकला, तर तुमचे 1.80 लाख आणि अनुदान 4.50 लाख. जो हक्क नियमातच आहे तो 'मॅनेज' करायचे 60 हजार कसले?

ग्रामीण म्हणजे ग्रामपंचायतीची हद्द. रिसोड शहरात, नगरपरिषदेच्या हद्दीत शेड घेतलेत तर 35 चे 25 होतात. ग्रामपंचायतीकडून ग्रामीण क्षेत्राचा दाखला आधीच काढून ठेवा.

हिशेबी
वरचे बरोबर, फक्त 6.30 लाख हातात पडतील असे समजू नका. बँक पहिला हप्ता देते, मग अनुदानाची मागणी पाठवते. आलेली रक्कम तीन वर्षे तुमच्या नावाने टीडीआरमध्ये (मुदत ठेवीत) अडकून राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या कर्जावर बँकेला व्याज लावताही येत नाही. व्याज 10.80 लाखांवरच लागले पाहिजे. टीडीआर झाल्यानंतर खात्याचा उतारा काढून तपासा, शाखेत ही नोंद राहून जाते. उद्योजकता प्रशिक्षणाचे (ईडीपी) प्रमाणपत्र नसले की मागणी अडते. ते ऑनलाइन होते, मंजुरीची वाट बघत बसू नका.

सीएमईजीपी ही 2019 ची राज्याची योजना. तिच्यात आकांक्षित जिल्ह्याची ही सवलत नाही. तुम्हाला 25 टक्केच बसतील. ती दुसरी पसंती ठेवा.

चुनी_भुसा
योजना कोणतीही घ्या, डाळ मिल बुडते ती खेळत्या भांडवलात. पीएमईजीपीत उत्पादन उद्योगाला खेळते भांडवल प्रकल्प खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंतच धरता येते, म्हणजे 7.20 लाख. तुरीचा भाव 7 हजार धरला तर त्यात साधारण 100 क्विंटल तूर येते. तासाला क्विंटलभर काढणारी मिल आठ तास चालली की रोज 8 क्विंटल. बारा-तेरा दिवसांत माल संपला, आणि व्यापाऱ्याकडचे पैसे उधारीत. मिल तयार, माणसे तयार, तूर नाही!

म्हणून पहिला हंगाम शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्या. भांडवल लागत नाही आणि यंत्राची नाडी कळते. क्विंटलमागे 70 ते 75 किलो डाळ पडायला हवी. 70 च्या खाली गेली तर रोलर आणि प्रतवारी बघा. बारीक-जाड दाणा एकत्र गेला की जाड दाण्याचा चुरा होतो आणि बारीक साल घेऊन बाहेर पडतो. चुनी (डाळीचा चुरा) दूधवाले नेतात, तिचा हिशेब वेगळा लिहा.

खरी जागा खाते ते वाळवण. दाण्याला चिरा पाडून तेल लावले की दोन-तीन दिवस ऊन लागते, म्हणजे एका वेळी 24 क्विंटल अंगणात पसरलेले. 18 लाखांत काँक्रीटचा ओटा धरला आहे का? नसेल तर धरा, पॉलिशर नंतर घेता येतो. आणि प्रकल्प अहवालात 300 दिवस उत्पादन दाखवू नका. पावसाळ्यात ड्रायरशिवाय काम थांबते, हे वाशीमच्या बँक मॅनेजरला सांगावे लागत नाही.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल आधी चालताना बघून या, मगच कोटेशन घ्या.

रिसोडी_तूर
डोळे उघडले. पीएमएफएमईचे काय? आणि शाखेत तोंडीच सांगितले, तारण असेल तर या.

फाईल_क्लिअर
पीएमएफएमईत 35 टक्के सगळ्यांनाच, कमाल 10 लाख, स्वतःचा वाटा किमान 10 टक्के. पण खेळत्या भांडवलावर अनुदान नाही आणि बांधकाम पात्र खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंतच. तुमच्या 18 मधून 7.20 वजा केले तर अनुदान 10.80 लाखांवरच, म्हणजे 3.78 लाख. फायदा असा की ती कृषी विभागाची योजना आहे. जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज आणि अहवाल करून देते, तिचे मानधन शासन देते. एकाच यंत्रावर दोन्हीकडचे अनुदान चालत नाही. दोन्ही योजनांना मंजुरी 2025-26 पर्यंतची होती, त्यामुळे अर्ज भरण्याआधी पोर्टलवर आणि जिल्हा उद्योग केंद्रात खात्री करा.

तारणाचे: 20 लाखांपर्यंत मागता येत नाही (एप्रिल 2026 पूर्वी ही मर्यादा 10 लाख होती), त्यावरच्या कर्जाला सीजीटीएमएसईची (लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी न्यास) हमी घेता येते. हमी शुल्क तुम्ही भरायचे. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. पोर्टलवर अर्ज करा आणि गाव ज्या शाखेच्या सेवाक्षेत्रात आहे तीच शाखा निवडा. दुसरी निवडली तर 'सेवाक्षेत्राबाहेर' शेरा मारून अर्ज परत येतो. नाकारायचेच असेल तर कारण पोर्टलवर नोंदवावे लागते, आणि ते घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात जाता येते.

जागा वडिलांची, म्हणून नमुना 8 चा उतारा आणि नोंदणीकृत भाडेकरार दोन्ही जोडा. नुसते संमतीपत्र काही शाखा परत करतात. कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या पुरवठादाराचेच.

चुनी_भुसा
विजेचे राहिले. शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवू नका. कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. औद्योगिक थ्री फेजचे कोटेशन आधी काढा. डीपी (ट्रान्सफॉर्मर) गावठाणापासून लांब असेल तर खांब-तारांचाच खर्च अंदाजपत्रक हलवतो.

हिशेबी
चार पोरांचे म्हणालात म्हणून: अहवालात चारच लिहा. आकडा फुगवून दहा लिहिले तर प्रत्यक्ष पडताळणीत प्रश्न येतो, आणि ती झाल्याशिवाय टीडीआर कर्जात वळता होत नाही. पगार पहिल्या महिन्यापासून त्यांच्या बँक खात्यात टाका, हजेरीपट ठेवा. खेळत्या भांडवलाची मर्यादाही तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरलेली आणि सरासरी 75 टक्क्यांच्या खाली न गेलेली दिसली पाहिजे, नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत जाते. मजुरीवरच मिल चालवलीत तर नेमके इथे अडकाल. तेव्हा मर्यादा 7.20 ऐवजी 4 लाखांची मागा आणि उरलेले ओट्यात घाला.