अनुभव धागा: दुर्गम भागात सेवेला जाताना लॅपटॉप कोणता घ्यावा?

गोव्यातून पूर्व आफ्रिकेत, नेपाळात, लडाखात शिकवायला किंवा आरोग्य शिबिरांना जाणाऱ्यांची चवथ आटोपली की तयारी सुरू होते आणि हाच प्रश्न पुन्हा येतो. "चांगला घ्या" एवढंच सांगू नका. वॉट, पार्ट, बिघाड असं नेमकं लिहा.

फोंडा, सौर जोडणीचं काम

प्रोसेसर मागाहून बघा, आधी चार्जिंग. लॅपटॉप यूएसबी-सी पीडीवर (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे सी पोर्टातून जास्त वॉट देणारी चार्जिंगची पद्धत) चार्ज व्हायलाच हवा. सी पोर्ट दिसला म्हणून भुलू नका. काहींत तो फक्त डेटासाठी असतो. दुकानात दुसऱ्याच कंपनीचा ४५ वॉटचा चार्जर लावून काम चालू असताना टक्के चढतात का ते पाहा.

कारण असं की पुढे गावात वीज म्हणजे बहुतेक वेळा पॅनेल आणि १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. इन्व्हर्टर लावला तर डीसीचा एसी होतो, मग चार्जर त्याचा परत डीसी करतो, दोन्हीकडे गळती. स्वस्त इन्व्हर्टर काही जोडलेलं नसतानाही वीज खातो, आणि त्याच्या चौकोनी लहरींवर चार्जर गुणगुणतो, तापतो. त्यापेक्षा गाडीत लावायचा ६५ वॉटचा पीडी चार्जर घ्या, १२ आणि २४ व्होल्ट दोन्हींवर चालणारा (ट्रकची वायरिंग २४ची असते). ६५ वॉटला १२ व्होल्टवर साधारण ६ अँपिअर लागतात. बारीक वायर टाकली की व्होल्टेज पडतं आणि चार्जिंग चालू-बंद होत राहतं. तीन मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि बॅटरीच्या प्लसजवळच १० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज लॅपटॉपकडच्या टोकाला लावून उपयोग नाही. मध्ये वायर शॉर्ट झाली तर आग लागते.

हिशोब सोपा आहे. १०० वॉटचं पॅनेल कडक उन्हाच्या दिवशी गळती वजा जाता ३०० ते ३५० वॉट-तास देतं. लिखाणापुरता लॅपटॉप तासाला ८-१० वॉट-तास घेतो, गेमिंगवाला कित्येक पट. त्याच बॅटरीवर दवाखान्याचे दिवेही असतात, हे लक्षात ठेवा. काही न जोडता थोडा वेळ विसावलेली बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवू लागली की ती निम्मी संपली, तिथे थांबा.

मडगाव, लॅपटॉप दुरुस्ती

माझं मत वापरलेल्या ऑफिस-लॅपटॉपला. थिंकपॅड टी४८०चं उदाहरण घ्या: आत २४ वॉट-तासांची एक बॅटरी, मागे ७२पर्यंतची दुसरी, आणि मागची मशीन चालू असताना बदलता येते. रॅम स्लॉटमध्ये आहे, एसएसडी साध्या स्क्रू-ड्रायव्हरने निघते. घेतल्या दिवशीच थंडरबोल्टचं फर्मवेअर (सी पोर्ट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. जुन्या फर्मवेअरमुळे सी पोर्टचं चार्जिंग बंद पडू शकतं. विंडोजमधला बॅटरी रिपोर्ट काढून 'डिझाइन' आणि 'फुल चार्ज' हे दोन आकडे ताडून बघा. 'फुल चार्ज' 'डिझाइन'च्या ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी इथेच बदला.

जादा बॅटरी आणि पॉवरबँक विमानात हातातल्या सामानातच, टोकांवर टेप लावून. १०० वॉट-तासांपर्यंत साधारणपणे परवानगी मागावी लागत नाही, १६०पर्यंत विमान कंपनीची लागते. २७,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ३.७ व्होल्टने ९९.९ वॉट-तास.

पणजी

मडगावच्या भाईंचं पटतं, पण पंख्याचं काय? सांगे-केप्याच्या खाणरस्त्यांवरची तांबडी धूळ पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. धूळ हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत बसते, मशीन तापतं आणि आपणहून मंद होतं. एम१ मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, आणि ३० वॉटच्या चार्जरवर भागतं. मात्र रॅम-एसएसडी बोर्डावरच. बिघडला तर तिथे कोणी हात लावणार नाही. दोन-तीन महिन्यांसाठी एअर, वर्षभरासाठी टी४८०.

मडगाव

मान्य. पंखेवाला नेणार असाल तर ब्लोअर मारताना पंखा काडीने धरून ठेवा. सुसाट फिरला तर बेअरिंग जातं.

काणकोण, लडाखला जाणाऱ्यांसाठी

आत चकती फिरणारी हार्ड डिस्क नेऊ नका. बहुतेकांची चालण्याची उंची-मर्यादा सुमारे ३,००० मीटर, लेह ३,५०० मीटरवर. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर कायमची खराब होते; आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बाहेरून गरम खोलीत आल्यावर लॅपटॉप तासभर बंद पिशवीतच ठेवा, नाहीतर आत दव धरतं. उलट दमट प्रदेशात, म्हणजे आपल्या पावसाळ्यासारख्या हवेत, हवाबंद पिशवीत सिलिका जेल टाका आणि रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. लॅपटॉप पूर्ण बंद आणि थंड झाल्यावरच पिशवीत.

वाळपई, शाळेतले संगणक

नेट नाही असं धरूनच निघा. किविक्सवर (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं ॲप) विकिपीडिया उतरवून न्या. इंग्रजी पूर्ण, चित्रांसकट, १०० जीबीच्या आसपास. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल घेत नाही, एक्सफॅट करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून पासपोर्टपासून वेगळी ठेवा. ती ऑनलाइन खात्यात असून तिथे काय उपयोग? लॉगिनला लोकल, म्हणजे नेटशिवाय चालणारं खातं. मोबाइलचं हॉटस्पॉट विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये 'मीटर्ड' (मोजका डेटा) करा, नाहीतर विंडोज अपडेट सगळा डेटा गिळतं. शाळाशाळांतून फिरणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकट व्हायरस हमखास असतो, ते लिनक्सवर उघडा. आणि तारीख सारखी मागे जात असेल तर बोर्डावरची नाणेबॅटरी संपली आहे. त्यामुळेच वेबसाइट 'असुरक्षित' दाखवतात.

म्हापसा

केनिया, युगांडा, टांझानियात चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश प्लग, नेपाळात बहुतेक ठिकाणी आपलाच चालतो. चार अडॅप्टर नेण्यापेक्षा एक अडॅप्टर आणि आपला एक्स्टेन्शन बोर्ड. अर्थिंग नसेल तिथे धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण होते. दोन पिनांच्या चार्जरचा तो नेहमीचा प्रकार, पण जोराचा झटका लागला तर चार्जर लगेच काढा.