खूप दिवसांनी परदेशातून घरी आल्यावर तुम्हाला सगळ्यात आधी काय जाणवतं?

पहाटवारा:
परवा रात्री घरी पोचले, साडेतीन महिन्यांनी. कामासाठी गेले होते, पाच वेगवेगळ्या खोल्यांत राहणं झालं, तिकडे वाईट काहीच नव्हतं, माणसं चांगली, खोल्या स्वच्छ. तरी घरी आल्यावर जे झालं ते कोणाला तरी सांगावंसं वाटतंय.

जेटलॅगमुळे पहाटे ३ ला टक्क जागी झाले. पाणी प्यायला उठले, दिवा न लावताच गेले आणि परत येताना लक्षात आलं की आपण कशालाच धडकलो नाही. हात आपोआप कडीवर गेला, पाय कपाटाच्या कोपऱ्याला बरोबर वळसा घालून गेले. तिकडे प्रत्येक खोलीत रात्री उठायचं म्हणजे आधी मोबाईलचा टॉर्च, मग चपला शोधा, मग बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर ते आठवा. गरम पाण्याचा नळ तर दर ठिकाणी नव्याने शिकायचा. इथे नळ किती फिरवायचा ते हाताला माहितीये. मी तिथेच अंधारात भिंतीला टेकून उभी राहिले आणि डोळे भरून आले हो.

तुम्हाला असं काय काय जाणवतं? आणि किती दिवस टिकतं? मागच्या वेळी आठवड्याभरात सगळं विरून गेलं, उशी परत नुसती उशी झाली. या वेळी जरा जास्त टिकावं असं मनापासून वाटतंय.

जुनी_चादर:
वास!! घराचा वास. एरवी आपल्या घराला वास असतो हे आपल्याला कळतच नाही, कारण एकच वास सतत येत राहिला की नाक काही मिनिटांत त्याची दखल घेणं सोडून देतं, म्हणून दुसऱ्याच्या घराचा वास लगेच कळतो आणि आपला कधीच नाही. खूप दिवसांनी आलं की तेवढी पहिली पाचेक मिनिटं तो आपल्याला भेटतो. थोडा बंद घराचा कुबट वासही असतो त्यात, पण त्याखाली कपाटातले कपडे, जुनी पुस्तकं, लाकूड, सगळं मिळून काहीतरी असतं जे दुसरीकडे कुठेच मिळत नाही. मी बॅगा दाराशीच ठेवते आणि खिडक्या लगेच उघडत नाही. आधी नुसती उभी राहते आत. घरचे म्हणतात अगं हवा तरी येऊ दे, पण ती पाच मिनिटं माझी.

रात्रपाळी:
माझ्यासाठी झोप. स्वतःच्या गादीवरची. त्याला कारणही आहे, अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं होतं की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा जास्त सावध राहते, बारीक आवाजानेही चटकन जाग येते. म्हणजे राखणच करत असते म्हणा ना. तुमच्या पाच खोल्या म्हणजे पाच पहिल्या रात्री झाल्या, त्यात फोनचे गजर आणि कॉरिडॉरमधली पावलं वेगळी. घरी आल्यावर ती राखण सुटते, कदाचित म्हणूनच रडू आलं असेल तुम्हाला, मला तरी तसंच वाटतं.

जेटलॅगबद्दल घाई करू नका. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं, आणि पूर्वेकडे प्रवास केला असेल तर जास्त जड जातं कारण आपलं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्याला लवकर झोपण्यापेक्षा उशिरा झोपणं सोपं. दिवसा उजेडात बाहेर पडत जा, रात्री घर अंधारं ठेवा.

तिसरा_मजला:
मला मात्र उलटा अनुभव आला तो पण सांगतो. दोन वर्षांनी परत आलो आणि घरच्यांनी मोठ्या प्रेमाने सगळं घर नव्याने लावून ठेवलं होतं. टॉवेल जिथे असायचा तिथे हात गेला की भिंत. रात्री उठलो तर टेबलाचा कोपरा मांडीत. मेंदूत जागेचा नकाशा ठेवणाऱ्या पेशी असतात, जॉन ओकीफ यांनी त्या १९७१ मध्ये उंदरांत शोधल्या आणि २०१४ चं नोबेल त्यांना आणि मोझर दांपत्याला मिळालं. पहाटवारा, तुमचा नकाशा जुळला. माझा दोन वर्षं जुना होता आणि घर पुढे निघून गेलं होतं. आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटणं फार वाईट, आणि बोलून दाखवता येत नाही कारण समोरचे इतके आनंदात असतात.

चौथ्या-पाचव्या रात्री अंथरुणात पडलो होतो, बाहेर आई उठली. तिची पावलं, एक जरा घासत टाकते ती, मग दिव्याचं बटण, मग खोकला. कोण चाललंय, कुठे चाललंय, आता काय करणार हे सगळं न बघता कळत होतं. तेव्हा पोचलो मी घरी. वस्तूंचं काय, त्या हलतात.

कोपऱ्यातली_खुर्ची:
तिसरा_मजला, काय लिहिलंत, वाचून दोन मिनिटं थांबले.

टिकवण्याबद्दल: सगळं एका दिवसात उपभोगून टाकू नका. सुख सलग मिळालं की सवय होते, मध्ये खंड पडला की परत ताजं वाटतं. २००८ च्या एका अभ्यासात मसाज मध्येच थांबवून परत सुरू केला तर लोकांना तो जास्त आवडला होता, थांबवू नका म्हणत असतानासुद्धा. मी परत आल्यावर माझी खिडकीजवळची खुर्ची पहिले दोन दिवस रिकामी ठेवते, येता जाता नुसती बघते. तिसऱ्या दिवशी बसते, तेही पुस्तक फोन काही न घेता.

पहाटवारा:
सगळ्यांचे खूप आभार. वासाची वेळ माझी हुकली, मी आल्या आल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या होत्या. पण काल कपाटातली जुनी शाल काढली आणि घडी न मोडता तशीच नाकाशी धरली, तिच्यात होता.

आज पावणेपाचला जाग आली. दिवा नाही लावला. आतल्या खोलीत आमच्याकडचे घोरत होते, तो आवाज ऐकत बसले उजाडेपर्यंत.