मदत हवी: कोठीघर मृगाच्या आत लावायचं आहे, तुरीला भुंगा आणि गव्हाचे गोळे

रानजाई
कोठीघराचं काय करावं ते लवकर सांगा. मृग लागायच्या आत सगळं जागेवर लागलं पाहिजे, पाऊस सुरू झाला की मग काहीच वाळत नाही. तुरीला भुंगा लागलाय, गव्हाच्या कोठीत वरच्या थराला गोळे झालेत आणि डबे इतके झालेत की मागचा काढायचा तर पुढचे सगळे उतरवावे लागतात. बाजारात एकावर एक बसणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे आलेत, त्यांचा संच घ्यावा का? कोठी नवीन आहे, धुऊन-पुसून भरली होती, म्हणजे दोष कोठीचा नाही. भुंग्याला कोणती पावडर टाकू तेही सांगा.

काळी_माती
डब्यांचं मागून पाहू. तूर अख्खी की डाळ? किती? गहू उन्हात घातला होता का, आणि कोठीत कधी भरला? खोलीवर स्लॅब, कवेलू की टिन? भिंतीला ओल येते का? खोलीची लांबी-रुंदी? हे कळल्याशिवाय नुसतं पावडरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

पळसपान
मी तर म्हणेन प्लायवूडच्या ट्रॉल्या बसवून घ्या. ओढली की मागचंही दिसतं, पुढचे डबे उतरवायची भानगडच नाही. मसाल्याची ट्रॉली गॅसच्या डाव्या हाताला, तेलाची उजव्या हाताला.

उखळ-मुसळ
ट्रॉलीचं इथं काय काम बाप्पा? क्विंटलभर तूर ट्रॉलीत भरता का? अन् भुईले टेकलेलं प्लायवूड म्हणजे वाळवीले आवतण. कडप्प्याची फळी घाला, तिले न वाळवी लागत, न उंदीर कुरतडत.

रानजाई
ट्रॉली नको. तूर अख्खी, एक क्विंटल, पोत्यांत. डाळ वेगळी साठेक किलो. गहू कोठीत दोन क्विंटल, उन्हात घालून संध्याकाळी लगेच भरला, रात्री बाहेर कशाला ठेवायचा? ज्वारी एक पोतं, तांदूळ दोन कट्टे. खोली दहा बाय आठ, वर टिन. बाकी तेच, कुरडया, पापड, मिरची, गूळ. आणि कोपऱ्यात सोयाबीनचं बियाणं, युरियाच्या चार बॅगा आणि फवारणीचं थोडं सामान. आता तरी सांगा.

काळी_माती
ताई, बाकी सगळं राहू द्या, आज संध्याकाळच्या आत युरिया आणि फवारणीचं सामान त्या खोलीतून काढा. युरिया हवेतली ओल ओढतो, बॅग फुटली की त्या कोपऱ्यातली फरशी कायम दमट. फवारणीच्या औषधाचा वास पिठाला, मिठाला, तिखटाला लागतो आणि झाकण गळालं तर पुढचं काही सांगायलाच नको. गोठ्याच्या बाजूला कुलूप लागेल अशी जागा पाहा, लेकरांचा हात पोचणार नाही अशी. बियाण्याला औषध चोळलेलं असेल तर तेही खाण्याच्या धान्याशेजारी नको. तुमची निम्मी जागा इथेच मोकळी होते.

आता गव्हाचे गोळे. टिनाखालची खोली, उन्हातून आणलेला गरम गहू आणि वरून घट्ट झाकण. रात्री टिन आणि कोठीचा पत्रा थंड पडतो, गव्हातली वाफ झाकणाला आतून लागते आणि थेंब होऊन वरच्या थरावर पडते. म्हणूनच गोळे फक्त वर आहेत. खालचा गहू हातात घेऊन पाहा, मोकळा असेल. गोळे झालेला, कुबट वासाचा थर काढून टाका, दळू नका आणि जनावरांनाही घालू नका. उरलेला गहू पुन्हा उन्हात घाला, संध्याकाळी सावलीत आणून जाड कापडाखाली रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत भरा.

सातबारा
भुंग्याला सोपा उपाय आहे. कृषी केंद्रात धान्यात ठेवायच्या गोळ्या मिळतात, कापडात बांधून पोत्यात टाका.

काळी_माती
सातबारा, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. ती ॲल्युमिनिअम फॉस्फाइडची गोळी. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि त्याला उतारा नाही. गोदामात प्रशिक्षित माणसं माल ताडपत्रीखाली बंद करून वापरतात ती गोष्ट वेगळी. राहत्या घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत एकही गोळी नको.

पळसपान
मग बोरिक पावडर चोळा, घरोघरी चोळतात. नाहीतर पाऱ्याच्या गोळ्या.

उखळ-मुसळ
घरोघरी चोळतात म्हणून ते पोटात गेलेलं चालते का? डाळ दोन पाण्यानं धुता येते, गहू कोण धुते दळायच्या आधी? अन् पारा तर जेवणाच्या धान्यात नकोच. कडूलिंबाचा पाला टाका, पण सावलीत कडकडीत वाळवून. ओला टाकला त बुरशी घरी आणली समजा.

काळी_माती
पाला ठीक, पण लागलेला भुंगा त्याने मरत नाही. रानजाई, तुमची कोठी स्वच्छच असेल. तुरीचा भुंगा बहुतेक वेळा शेतातूनच येतो. शेंग वाळत असताना मादी वर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि घरी आल्यावर गोल भोक पाडून भुंगा बाहेर पडतो. दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात ती अंडी. उन्हाळ्यात महिनाभरात एक पिढी होते, त्यामुळे पोतं जितकं थांबेल तितका भुंगा वाढतो.

मे महिन्याचं आपल्याकडचं ऊन हेच सगळ्यात चांगलं औषध. काळी ताडपत्री अंथरा, तिच्यावर तूर बोटाच्या एका पेरापेक्षा जाड नाही, वरून पारदर्शक प्लॅस्टिक, कडा विटांनी दाबून. सकाळी अकरा ते चार. दाण्यांत तापमान ५७ अंशांवर तासभर राहिलं की अंडी-अळीसकट सगळं मरतं. नुसत्या पांढऱ्या चादरीवर वारा लागत राहतो आणि इतकं तापत नाही. मग चाळा, रात्रभर गार करा आणि किलोला ५ मिली या हिशेबाने खायचं तेल चोळा, म्हणजे दहा किलोला ५० मिली. तेलाने अंडी चिकटत नाहीत, जगत नाहीत. बियाण्याची तूर असेल तर ती या उन्हात घालू नका.

उखळ-मुसळ
तेल कायले? अख्खी तूर ठेवताच कायले? डाळ करून घ्या, भुंग्याले अख्खा दाणा पाह्यजे, फुटलेल्या डाळीत त्याचं फारसं चालत नाही. गिरणीत क्विंटलला सत्तरेक किलो डाळ पडते, चुरी ढोराले.

पळसपान
सत्तर कुठली? आमच्या बाजूच्या गिरणीत ६५ च्या वर येत नाही. साल सुटायला आधी तेल-पाणी नीट मुरलं पाहिजे.

उखळ-मुसळ
दाणा बारीक असन. जात पाहून सांगा.

धानपट्टा
तुमचा गिरणीचा वाद चालू द्या, पण तांदळाचं कोणी बोललं नाही. रानजाई, बाकी सगळं उन्हात जाईल म्हणून तांदळाचे कट्टे नेऊ नका. कडक उन्हात तांदळाला तडे जातात आणि शिजवताना कण्या होतात. सोंडे असतील तर सावलीत सुपात पसरा, निघून जातात. मग चाळून हवाबंद डब्यात ठेवा.

सातबारा
गोळ्यांचा सल्ला मागे घेतला. पण सोयाबीनचं बियाणं कोठीघरातून काढलं तर ठेवायचं कसं? घरचं आहे की विकतचं? घरचं असेल तर उगवण तपासा. १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने ठेवून गुंडाळी करा, चार-पाच दिवसांनी मोजा. ७० च्या वर उगवले तर ठीक, कमी असतील तर त्या मानाने बियाणं वाढवा. पोती आदळू नका, सोयाबीनचं सालपट फार नाजूक असतं. चार-पाच पोत्यांपेक्षा उंच थर नको.

रानजाई
बियाणं मी विचारलंच नाही, ते विकतचं आहे आणि आता ओसरीत हलवलं. युरिया पण काढला. ऊन दाखवते. पण डबे? संच घेऊ की नको एवढंच सांगा.

काळी_माती
नको. आधी आहेत ते डबे रिकामे करून ओसरीत मांडा. झाकण न बसणारा, गंज लागलेला, कडा वाकलेला डबा वेगळा काढा, तोच किड्याचा दरवाजा. उरतील ते पुरतात. उंच मनोरा करून डबे ठेवले की खालचा डबा कोणी उघडत नाही आणि नेमकी त्यातल्या बेसनाला जाळी धरते.

फळ्यांचं उखळ-मुसळ यांचं पटतं, कडप्पाच घाला. फळीची रुंदी भिंतीपासून १२-१४ इंचांपेक्षा जास्त नको, म्हणजे डब्यांची दुसरी ओळ लागणारच नाही. उतरवाउतरवीचं मूळ ती दुसरी ओळ आहे. खालची फळी जमिनीपासून दहा इंच वर, झाडू आत गेला पाहिजे. तिच्यावर पंधरा किलोचे तेलाचे पिंप येतात, त्यांची उंची साधारण १४ इंच, म्हणून वरचं अंतर १६ ठेवा. हाताच्या उंचीला रोजचं, म्हणजे तिखट, मीठ, हळद, डाळ, पीठ. मीठ काचेच्या नाहीतर चिनी बरणीत, स्टीलच्या डब्यात पत्रा खातं. टिनाला लागून असलेली सगळ्यात वरची फळी तापते, तिथे गूळ, तेल, तिखट नको. कुरडया-पापड चालतील, पण पावसाळ्यात ते नरम पडू नयेत म्हणून घट्ट झाकणाचेच डबे. कोठी भिंतीपासून वीतभर लांब आणि लाकडी फळ्यांवर.

गव्हाला ऊन पुरलं का ते पाहायला काचेची कोरडी बाटली घ्या, तीन-चार मुठी गहू, एक चमचा कोरडं मीठ, झाकण लावून जोरात हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर गहू अजून ओला, आणखी एक ऊन द्या.

धानपट्टा
नवा गहू जुन्यावर ओतू नका. जुना आधी संपवा, नाहीतर त्यातला सोंडा नव्याला लागतो.

रानजाई
मिठाची बाटली आत्ताच केली, खालच्या गव्हाचं मीठ मोकळं आहे. वरचा थर काढलाय. मिरचीचं मात्र राहिलं, भिवापुरी आहे, दहा किलो, देठासकट. देठ काढून ठेवू की तसंच?

उखळ-मुसळ
देठासकट ठेवा. देठ तोडलं की तोंडातून ओल अन् किडा दोन्ही आत. कुटायच्या दिवशी देठं काढा, अन् त्याच्या आधी एक कडक ऊन.

पळसपान
तिखट कुटल्यावर बरणीत हिंगाचे दोन खडे टाका.