काच होती, पण चौकट उघडीच होती

'चित्रावर काच होती, म्हणजे नुकसान शून्य' हे पटत नाही. १४ ऑक्टोबर २०२२ ला लंडनच्या नॅशनल गॅलरीत 'जस्ट स्टॉप ऑइल' या तेलविरोधी आंदोलक गटाच्या दोघींनी व्हॅन गॉगच्या 'सूर्यफुलां'वर टोमॅटो सूप फेकलं, तेव्हा १८८८ चं चित्र वाचलं, जुनी इटालियन चौकट नाही. सूप आंबट. ते काचेवरून ओघळून चौकटीच्या खालच्या पट्टीवर साचतं आणि लाकडाचा जुना पृष्ठभाग खातं. पुसायला उशीर झाला, तर काच आणि चौकटीच्या फटीतून आत झिरपायची भीती, आणि आत थेट कॅनव्हास! न्यायालयात चौकटीचं नुकसान १० हजार पौंडांपर्यंत सांगितलं गेलं. २०२४ मध्ये दोघींना अनुक्रमे २ वर्षं आणि २० महिने कैद झाली.

याउलट ऑगस्ट २०२३ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या चौघांनी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या यॉर्कशायरमधल्या घरावर २०० चौरस मीटर काळं कापड सोडलं. कुटुंब सुट्टीवर होतं. उत्तर समुद्रात तेल-वायूचे शंभरहून जास्त परवाने देणार, ही सुनक यांची घोषणा नुकतीच झाली होती, त्यामुळे बातमीत परवाने आलेच. सूपच्या बातमीत सूपच उरलं. कोणाच्या घरावर चढणं मलाही खटकतं, पण निर्णय कोणाचा हे तिथे समजावून सांगावं लागलं नाही. कौलांच्या नुकसानीच्या आरोपातून ते चौघेही पुढे सुटले.