लेटिस नॉलिस: दोघांचं लग्न, सजा एकटीला?

गवाक्ष
पहिल्या एलिझाबेथची मावसबहीण कॅथरिन केरी, तिची मुलगी लेटिस. म्हणजे राणी नात्याने मावशीच. २१ सप्टेंबर १५७८ ला सकाळी सकाळी, वॉन्स्टेडच्या घरी, या भाचीने राणीचा लाडका सरदार रॉबर्ट डडली, लेस्टरचा अर्ल, याच्याशी गुपचूप लग्न लावलं. वर्षभरात बिंग फुटलं. डडली काही दिवस मर्जीतून उतरला आणि पुन्हा दरबारात मिरवू लागला. लेटिसला मात्र दरवाजा बंद. याला न्याय म्हणायचं? मी तरी निव्वळ मत्सर म्हणेन.

फुटाणे
बिचारी बिचारी पुरे! राणीच्या खासगी महालात वावरलेली बाई. परवानगीविना लग्न केलं तर काय होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. पहिला नवरा, एसेक्सचा अर्ल वॉल्टर डेव्हरो, १५७६ मध्ये डब्लिनला हगवणीने गेला. (विषप्रयोगाची आवई उठली, चौकशीत काही निघालं नाही.) दोन वर्षांत डडली. तो १५८८ मध्ये गेला, तर पुढच्याच वर्षी त्याच्याच पदरचा क्रिस्टोफर ब्लंट, वर वयाने तिच्याहून बराच लहान!

गवाक्ष
ठाऊक डडलीलाही होतंच की. आणि तो मागे ठेवून काय गेला? कर्जाचा डोंगर. तो उपसायला विश्वासाचा माणूस हवाच होता. पुरुषाने तीन लग्नं केली असती तर कुणी बोटं मोजली असती का?

जुनी_वही
मला १५९८ ची भेट विसरता येत नाही. तोवर लेटिसचा पहिल्या लग्नाचा मुलगा, एसेक्सचा नवा अर्ल, राणीचा नवा लाडका झालेला. त्याने रदबदली केली. लेटिस नजराण्याचा दागिना घेऊन ताटकळत राहिली, राणी फिरकलीच नाही. पुढे कशीबशी भेट झाली, आलिंगनही झालं. लगेच पुन्हा भेट मागितली, तर नकार. वीस वर्षं उलटली होती हो!

फुटाणे
आणि तोच लाडका १६०१ मध्ये बंड करून बसला. २५ फेब्रुवारीला त्याचं मुंडकं उडालं, १८ मार्चला ब्लंटचं. हाही मावशीचा मत्सर का?

गवाक्ष
नाही, तो राजद्रोहच. पण महिन्याच्या आत मुलगा आणि नवरा गमावलेली ही बाई १६०४ मध्ये डडलीच्या वारशावरच्या आपल्या हक्कासाठी कोर्टात उभी राहिली. जगली ९१ वर्षं. १६३४ मध्ये गेली तेव्हा तिच्याच इच्छेप्रमाणे वॉरिकला डडलीशेजारी पुरली. लोभी बाई असं मागते?

फुटाणे
ब्लंटशी लग्न करूनही 'लेस्टरची काउंटेस' हीच पदवी लावत राहिली, ते विसरलात वाटतं!