पुण्याला गाडी आधी आली, घाट नंतर झाला

मुंबई-पुणे रेल्वेच्या जुन्या आठवणी इथे सगळे लिहीत आहेत; त्यात १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी आली, १ जून १९३० ची दख्खनची राणीही आली. पण आपल्या पुण्याची खरी गंमत १८५८ ते १८६३ या पाच वर्षांत आहे, ती कुणी लिहिलीच नाही.

खंडाळा-पुणे गाडी १४ जून १८५८ ला सुरू झाली. तेव्हा बोरघाटात रूळच नव्हते! मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत. तिथे उतरायचं, आणि मग पालखी, तट्टू नाहीतर आपले पाय. घाट चढून खंडाळ्याला पुन्हा गाडी. जूनमधला घाट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे 'गाडीने आलो' म्हणणाऱ्यांची कपडे-सामानासकट काय दशा होत असेल ते कळेल.

घाटाची लाइन २१ एप्रिल १८६३ ला खुली झाली. १८५९ मध्ये या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस, तिने कंत्राट सोडलं नाही. कॉलऱ्याने आणि तापाने हजारो मजूर गेले, त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत.

चढ ३७ ला १. म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. म्हणून तर कर्जतला मागे बँकर इंजिनं, म्हणजे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. आपण खिडकीतून वडा घेण्यात गुंग असतो, तेवढ्यात मागून बारीकसा धक्का बसतो आणि चहा हिंदकळतो. तो धक्का त्या ३७ ला १ चढाचा.