मदत हवी आहे: चांगली प्रत गेल्यावरही बिघडलेलं पी५३ गाठीत काय करतं?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या सेमिनारसाठी पी५३ (पेशीला कॅन्सरपासून वाचवणारं प्रथिन) घेतलंय आणि एका मुद्द्यावर गाडं अडलंय. कॅन्सर बायोलॉजी किंवा पॅथॉलॉजीतलं कोणी असेल तर कृपया वाचा.

माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हे प्रथिन बनवणाऱ्या टीपी५३ जनुकात म्युटेशन (बदल) सापडतं. आरबी, एपीसी यांसारखे ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारी इतर प्रथिनं, गाठीत बहुधा तुटतात किंवा नाहीसेच होतात. पी५३चं मात्र बहुतेक वेळा एखादंच अमिनो आम्ल बदलतं, प्रथिन पूर्ण लांबीचं राहतं आणि पेशीत साठत जातं. निरोगी पी५३ला एमडीएम२ हे दुसरं प्रथिन काही मिनिटांत मोडीत काढायला लावतं. गाठींमध्ये ते इतकं दिसायचं, आणि सुरुवातीच्या प्रयोगांतल्या प्रतीही म्युटंट निघाल्या, म्हणून १९७९ मध्ये शोध लागल्यावर दहाएक वर्षं ते कॅन्सर घडवणारंच समजलं जात होतं!

पी५३चे चार रेणू एकत्र येऊन डीएनएवर काम करतात. त्यात बिघडलेले शिरले की चौकडीच निकामी होते. २०१९ मध्ये एएमएल या रक्ताच्या कर्करोगावर झालेल्या कामातून हेच पुढे आलं: नवं काही कार्य नाही, फक्त चांगल्या रेणूंना अडवणं. मला ते पटतं. पण पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि बऱ्याच गाठींत दुसरी, चांगली प्रतसुद्धा गळून गेलेली असते. मग अडवायचं कोणाला? तिथे म्युटंट असणं आणि पी५३ अजिबात नसणं सारखंच ठरायला हवं.

तसं दिसत नाही. २००४ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगात चांगली प्रत नव्हती, फक्त म्युटंट होतं, तरी पी५३ नसलेल्या उंदरांपेक्षा वेगळ्या गाठी झाल्या. शिवाय म्युटंट जन्मापासून अंगभर असलं तरी उंदरांच्या निरोगी ऊतींत ते फारसं साठत नाही, गाठीत साठतं. म्हणजे म्युटेशनशिवाय आणखी काहीतरी लागतं. एचएसपी९० (इतर प्रथिनांना सांभाळणारं प्रथिन) त्याला धरून ठेवतं हे वाचलंय, पण तेवढंच पुरतं का?

दुसरी शंका: आर१७५एच या म्युटेशनमध्ये (१७५व्या जागचं अमिनो आम्ल बदललेलं) जस्त सुटून प्रथिनाची घडीच कोसळते, आर२७३एचमध्ये घडी बरीचशी शाबूत राहते, फक्त डीएनएवरची पकड जाते. दोघांना एकाच 'गेन ऑफ फंक्शन'च्या (म्युटंटला नवं कार्य मिळण्याच्या) खात्यात टाकणं मला खटकतं. तुम्ही वेगळं धरता का?

आणि प्रत्यक्ष काम केलेल्यांना खास विचारायचंय: चांगली प्रत नसलेल्या पेशींतून म्युटंट पी५३ काढून टाकल्यावर वाढ खरंच मंदावते का, आणि कोणत्या पेशींत?